बशीरभाईंची ओळ

आमच्या कचेरीतल्या संगणकावर काळी खिडकी उघडली की आजही पहिल्यांदा बशीरभाईंची ओळ येते. मी ती बदललेली नाही. एक तर मला आता कशाचाच उत्साह राहिलेला नाही. तोंडवलीहून सकाळची गाडी पकडून मालवणला पोचेपर्यंतच माझा निम्मा दिवस संपलेला असतो. आणि दुसरं म्हणजे त्या ओळीला मी एकदा हात लावला होता. त्याचं काय झालं तेच सांगायला बसले आहे, तेव्हा सगळं रीतीने सांगते.

कचेरी म्हणजे मच्छीमारांच्या एका संस्थेच्या दोन खोल्या. खाली बर्फाचं गोदाम, वर आम्ही. काम एकच: होड्यांच्या मालकांचे आणि तांडेलांचे फोन नंबर सांभाळायचे आणि वारा फिरणार असला की त्या सगळ्यांना संदेश पाठवायचा. हे काम करणारे दोघेच, बशीरभाई आणि मी. संस्थेचे अध्यक्ष अधूनमधून जिना चढून यायचे, ते ‘झालं का?’ एवढं विचारायला.

बशीरभाई मूळचे आरोंद्याचे, खाडीकाठचे. मुंबईत वीस-पंचवीस वर्षं कुणाकुणाचे संगणक राखून, बायको गेल्यावर इकडे परतले होते. उंच, काटकुळे, शर्टाला कडक इस्त्री. मधुमेह होता म्हणून बिनसाखरेच्या चहाचा थर्मास घेऊन यायचे आणि प्रत्येक घोटाला असं तोंड करायचे की जणू तो चहा मीच केला आहे. आणि त्यांचे डोळे जात होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तुमच्यापासून लपवून काय करू? साठीला, म्हणजे निवृत्तीला, दोन वर्षं उरली होती. ती दोन वर्षं कुणाला काही कळू न देता काढायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

कारणही होतं. त्यांचे वडील तांडेल, होडीवरचा मुख्य माणूस. म्हातारपणी दृष्टी गेल्यावर ते दारात बसून जाळी विणायचे आणि येणारा जाणारा लांबूनच ओरडून आपलं नाव सांगायचा. ‘‘बापाशीचे डोळे गेल्ले, कान नाय,’’ भाई म्हणायचे. ‘‘तरी सगळे बोंबलत येयत. बापूस कसनुसो हसा. माका ता हसणा जमाचा नाय.’’ मला वाटायचं, वडिलांची आठवण काढताहेत. मी ‘हं’ म्हणून माझं काम करायची.

आता ओळीचं सांगते. संगणकाला लिहून हुकूम द्यायचे असतात तेव्हा काळ्या खिडकीत तो एक ओळ दाखवून थांबतो, ‘बोला, काय करू?’ म्हटल्यासारखा. त्या ओळीला प्रॉम्प्ट म्हणतात. बहुतेकांकडे ती ओळ म्हणजे एक नाव आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. पहिल्या दिवशी मी भाईंच्या पडद्याकडे बघितलं तर तिथे हे:

दर्यो — याद्या — भरती बारा आणे — मागचां बरां

‘‘हे काय, भाई? कविता?’’

‘‘कविता तुझी आवस लिवता. ह्या नीट बघ.’’

माझ्या आईला मध्ये ओढून झाल्यावर मग त्यांनी शिकवलं. आमच्याकडे दोन यंत्रं होती. एक खरं, जिथून खऱ्या होड्यांना खरे संदेश जायचे. दुसरं सरावाचं, जिथे खोटी यादी ठेवून नव्या गोष्टी करून बघायच्या. खऱ्याचं नाव भाईंनी ठेवलं होतं ‘दर्यो’ आणि सरावाच्याचं ‘खाडी’. ‘‘खाडयेत पडलंस तर चिखलात उभी तरी रवतलंस. दर्यात पडलंस तर खंय गेलंस ता कोणाक गावाचा नाय. म्हणान हुकूम देवच्या आधी बघूचा, आपण खंय आसंव.’’

ओळीतला पहिला शब्द यंत्राचं नाव, दुसरा फोल्डरचं. दोन का? तर समुद्रात जाळं टाकायची जागा शोधताना किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरतात, एखादा मिनार आणि मागच्या डोंगरावरचं एखादं झाड. त्या एका रेषेत आल्या की जागा बरोबर. एका खुणेवर जाळं टाकणारा तांडेल भाईंच्या वडिलांच्या लेखी तांडेलच नव्हता. पुढची ‘भरती’ म्हणजे यंत्राची जागा किती भरली ते, सोळा आण्यांत. ‘मागचां बरां’ म्हणजे आधीचा हुकूम नीट पार पडला. फसला असेल तर तिथे ‘मागचां फसलां’ यायचं आणि भाई पडद्यालाच म्हणायचे, ‘‘फसलां? फसूंदे. तुझ्या बापाशीचा काय गेला?’’

हे सगळं एका लपलेल्या फाईलमध्ये लिहिलेलं होतं. पण एका दमात नाही. यंत्राचं नाव काढायला एक छोटं फंक्शन, म्हणजे एकाच कामापुरता लिहून ठेवलेला हुकूम, त्याचं नाव ‘खंय’. जागा मोजायला दुसरं, ‘भरती’. मागचा हुकूम तपासायला ‘मागचां’. मुख्य ओळ या सगळ्यांना फक्त हाका मारायची. मुंबईची पोरं सगळं एकाच लांबलचक ओळीत कोंबतात, मग वर्षाने त्यांनाच ती वाचता येत नाही, असं भाईंचं म्हणणं. ‘‘होडयेर सगळी कामां तांडेल करता काय? एकेका कामाक एकेक गडी. एक गडी आजारी पडलो तर तेका बदलूचो, होडी मोडूची नाय.’’

मी पुण्याच्या एका कंपनीत सहा वर्षं घासून आलेली. तिथे असले लाड चालत नसत. मला हा रिकामटेकड्या माणसाचा नाद वाटला आणि मी तसं बोललेही. भाई म्हणाले, ‘‘बोल, बोल. पहिलो हंगाम येवंदे.’’

आला. पावसाळी बंदी उठून होड्या बाहेर पडल्या आणि संदेशांच्या नोंदींनी यंत्र फुगायला लागलं. ओळीत ‘भरती साडेपंधरा आणे’ येत होतं आणि मी त्याकडे बघत, शेंगदाणे खात, दुसरंच काम करत होते. दुपारी यंत्र बसलं. भाई आले, पडद्याला नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘गो बाये, पाणी कमरेक लागला तरी बसान ऱ्हवलंस? धन्य तुझी!’’ पूर्ण दिवस आम्ही जुन्या नोंदी उपसत बसलो. ते मला रागावले नाहीत. घरी जाताना मात्र जिन्यावर थांबून ‘साडेपंधरा’ असं म्हणून एकटेच हसले, त्याचा मला जास्त राग आला.

पडद्याला नाक लावून उभे राहिले, हे मी आत्ता सहज लिहून गेले. तेव्हाही सहजच बघितलं होतं. आठवड्यातून तीनदा ‘‘चष्मो घराक ऱ्हवलो, वाच बघूया’’ असं चालायचं. मी म्हणायची, ‘‘भाई, तुमचा चष्मा काय घर राखायला ठेवलाय?’’ ते ‘‘चोरांचो सुळसुळाट आसा गो’’ म्हणायचे आणि मी कंटाळत वाचून दाखवायची. मोठ्याने, भरभर, शेवटचे शब्द खाऊन.

ओळीला पूर्वी रंग होते. दर्याची लाल, खाडीची हिरवी. एका दुपारी त्यांनी विचारलं, ‘‘लाल बरो दिसता मां?’’

‘‘लाल कुठला? हिरवा आहे हा.’’

भाईंनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग म्हणाले, ‘‘तुझी परीक्षा घेतलंय.’’

दुसऱ्या दिवशी रंगांचे गडी कामावरून कमी झाले होते. अक्षरं दुप्पट मोठी झाली. काही महिन्यांनी चौपट, इतकी की ओळ मोडून दोन ओळी झाल्या. आणि मग एक दिवस नवीन गडी आला, ‘घंटी’. खाडीवर काम करताना सगळं शांत, पण दर्यावर असलं की दर हुकुमानंतर, ओळ आली रे आली की टिंग! एक हुकूम, एक टिंग. चुकीचा हुकूम, तरी टिंग. नुसतं एंटर दाबलं तरी टिंग.

‘‘भाई, देवळात बसल्यासारखं वाटतं.’’

‘‘बरां मां? पुण्य गावता तुका फुकटचा.’’

त्या घंटीशिवाय त्यांना दर्यो कुठला आणि खाडी कुठली हे कळतच नव्हतं. दोन खुणा शिकवणारा माणूस आता एकाच खुणेवर दिवस काढत होता. हे मला कळायला हवं होतं. शेजारच्या टेबलावर बसून मला हे दिसलं नाही, आणि डोळे माझे शाबूत होते.

एका शुक्रवारी माझं डोकं उठलं होतं. सकाळपासून अर्धशिशी, खाली बर्फ फोडायचं यंत्र आणि वर टिंग, टिंग, टिंग. भाई जुम्म्याच्या नमाजाला गेले. आम्हा दोघांचं यंत्रावरचं खातं एकच होतं, संस्थेने दोन काढूनच दिली नव्हती. मी दर्यावरची ती लपलेली फाईल उघडली आणि घंटीच्या ओळीपुढे एक # टाकला. असा # टाकला की ती ओळ तिथे असून नसल्यासारखी होते. खिडकी बंद करून नवी उघडली. शांत! इतकं बरं वाटलं मला. संध्याकाळी काढू, म्हटलं. संध्याकाळी माझी गाडी सुटत होती, मी पळाले.

शनिवारी सकाळी भाईंना खाडीवरची खोटी यादी पुसून नवी भरायची होती. त्यासाठी एक हुकूम होता, ‘साफ’. तो दर्यावरही पडून होता. तिथे असायला नको होता खरं तर, पण आमच्याकडे काय काय असायला नको होतं ते सांगत बसले तर संध्याकाळ होईल. भाईंनी दोन खिडक्या उघडल्या, चुकून दर्याच्या खिडकीत शिरले. घंटी वाजली नाही. ‘साफ’ लिहिलं. यंत्राने विचारलं, नक्की? भाईंनी ‘होय’ लिहिलं.

मी तेव्हा डबा फ्रीजमध्ये ठेवत होते. भाईंचा आवाज आला, अगदी हळू. ‘‘वैजू, हडे ये गो. माका वाच बघूया, ह्या काय म्हणता?’’

मी वाचलं. दर्यो. याद्या. भरती दोन आणे.

काल बारा आणे होती.

त्या दिवशी दुपारनंतर वारा फिरणार असल्याची सूचना सकाळीच आली होती. होड्या बाहेर होत्या, संदेश अजून गेला नव्हता. आणि आमच्याकडे एकही नंबर नव्हता. मी नुसतीच पडद्याकडे बघत उभी राहिले. भाई मात्र खुर्चीत ताठ बसले आणि एकेक सांगत गेले. खाडीवर गेल्या महिन्यातली खरी यादी एका कोपऱ्यात ठेवलेली आहे, ती आण. नंतर नोंदवलेल्या होड्यांचे कागदी अर्ज कपाटात आहेत, ते काढ. दोन वाजेपर्यंत जुनी यादी यंत्रावर चढली आणि तिच्यातल्या होड्यांना संदेश गेला. नव्या अर्जांवरचे नंबर मी वाचायची आणि भाई फोन लावून बोलायचे, ‘‘तांडेलांनू, वारो फिरतलो, परत येवा. होय, आताच.’’ एकाने शिव्या घातल्या. जाळं नुकतंच टाकलं होतं म्हणे. भाईंनी ऐकून घेतल्या. सगळ्या होड्या अंधाराआधी परत आल्या, म्हणून मी हे लिहू तरी शकते आहे.

पण फोनवरून बातमी बंदरभर झाली होती. सोमवारी अध्यक्ष जिना चढून आले, आणि या वेळी खुर्चीत बसले.

‘‘हे कोणी केलं?’’ कचेरीत ते प्रमाण मराठीत बोलायचे. उत्तराची वाट न बघता माझ्याकडे वळले. ‘‘बशीरभाई इतकी वर्षं आहेत, त्यांच्या हातून असं कधी झालेलं नाही. मॅडम, तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय ना?’’

मी काही बोलायच्या आधी भाई उठून उभे राहिले. अध्यक्षांशी तेही नेहमी कचेरीची भाषा बोलायचे. त्या दिवशी नाही बोलले.

‘‘सायबानू, तिका कित्याक बोलतास? माका दिसणा नाय.’’

अध्यक्षांना कळलंच नाही. ‘‘काय दिसत नाही?’’

‘‘काय्येक दिसणा नाय. दोन वर्सां होवक इली. लाल नाय, हिरवो नाय, अक्षर नाय. तुमी समोर बसलास ता आवाजावरसून कळता. यादी माझ्या हातान गेली. चेडवाचो काय एक संबंध नाय.’’

खाली बर्फ फोडत होते. अध्यक्ष उठले, भाईंच्या जवळ गेले आणि एकदम मोठ्याने, एकेक शब्द तोडत म्हणाले, ‘‘भाई, काळजी करू नका! आम्ही आहोत!’’ भाई हसले. तसलं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. एकच वाक्य होतं: घंटी मी बंद केली. ते माझ्या जिभेवर आलं होतं आणि मी गिळलं. कंत्राट होतं, घरी आईची औषधं होती, अशी कारणं मी पुढे स्वतःला बरीच दिली. खरं कारण म्हणजे मी भित्री आहे. त्या संध्याकाळी # काढला, घंटी चालू केली, आणि पंधरा दिवसांनी भाईंची मुलगी वैभववाडीहून येऊन त्यांना घेऊन गेली. माझं कंत्राट वाढलं. त्यांची खुर्ची मला मिळाली.

वैभववाडी काही फार लांब नाही. तरी मला जायला दीड वर्ष लागलं. दर रविवारी ठरवायची आणि दर रविवारी कपडे धुवायचे निघायचे.

शेवटी गेले. स्टेशनाच्या मागच्या बाजूला मुलीचं घर, अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. भाई एका खुर्चीत, मांडीवर मुलीचा जुना लॅपटॉप. इस्त्री तशीच कडक. मी फाटकातूनच ओरडणार होते, ‘भाई, मी वैजू’ म्हणून. जिभेवर आलेलं थांबवलं, जवळ जाऊन नेहमीच्या आवाजात म्हटलं, ‘‘चहा बिनसाखरेचाच आहे ना अजून?’’

‘‘येवा, मॅडम,’’ ते म्हणाले. ‘‘आज खंयची गाडी चुकली?’’

आणि लगेच दाखवायला लागले. ओळीला आता अक्षरं ठेवलीच नव्हती. नवीन गडी होता, ‘सांग’, तो ओळ बोलून दाखवायचा. लॅपटॉप इंग्रजाने मराठी शिकावी तशा सुरात म्हणाला, ‘‘घर. भरती चार आणे.’’ मी हसले, ते हसले. मग मी खुर्चीच्या कडेला बसले आणि एका दमात बोलून टाकलं. ‘‘भाई, त्या शनिवारी घंटी वाजली नाही. ती मी शुक्रवारी बंद केली होती. तुम्ही माझ्यासाठी उभे राहिलात आणि मी गप्प बसले.’’

‘‘माका म्हायत आसा.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘तेच दिवसापासून. घंटी आपसून बंद पडणा नाय. आनि आमी दोगांच होतंव.’’ त्यांनी लॅपटॉप मिटला. ‘‘पण तुझा तू अर्धांच सांगलंस. आता माझा आयक. थंय शिरलंय तेवा घंटी वाजाक नाय, तरी माका बरां वाटाक नाय. हात थांबलो माझो. तू तीन हातांवर होतंस. म्हटला इचारूया, वैजू, ह्या खंयचा मशीन? पण तू म्हणाली असतंस, भाई, समोर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिवलला आसा मां! मगे मी काय सांगतलंय होतंय? चष्मो घराक ऱ्हवलो? तेच दिवशी तो नाकावर होतो माझ्या. म्हणान इचारूक नाय. ‘होय’ लिवलंय. होडये दर्यात होती, बाये, आनि माका माझ्या लाजेची पडली.’’

त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. मला नुसतं थकल्यासारखं झालं. त्यांनीच विषय बदलला आणि ‘सांग’ला थोडं हळू बोलायला कसं शिकवायचं ते सांगायला लागले. मुलीने चहा आणला. साडेचारच्या गाडीने कणकवली गाठली नाही तर पुढे मालवणची गाडी मिळत नाही आणि तोंडवलीला पोचायचे वांधे होतात. मी उठले, ‘‘येते हं भाई’’ म्हणाले, चपला घातल्या. मी हे म्हणतानाच मागून मालगाडी धडधडत गेली.

फाटकापाशी वळून बघितलं. भाई बोलत होते. माझ्या खुर्चीकडे तोंड करून, बोटाने हवेत एकाखाली एक गडी मांडून दाखवत. माझं ‘येते’ गाडीच्या आवाजात त्यांना ऐकूच आलं नव्हतं. बोलता बोलता ते थांबले. मान जराशी कलती करून खुर्चीकडून काही आवाज येतो का ते ऐकू लागले. ‘आसंस मां गो?’ एवढं त्यांनी विचारलं असतं तर मी फाटकातून उत्तर दिलं असतं. ते विचारणार नव्हते. थोडं थांबून त्यांनी पुन्हा बोलायला सुरुवात केली, आधीपेक्षा जरा हळू.

मी चपला हातात घेतल्या, पाय न वाजवता परत आले आणि खुर्चीत बसले.

‘‘हां, भाई,’’ म्हटलं. ‘‘मगे?’’